दोन थेंब निळं

ऐरोली, सेक्टर चार. मोरीच्या वरच्या फळीवर
श्रीखंडाचे रिकामे डबे,
प्रत्येकावर चिकटपट्टी, तारीख, आणि माझं गिचमिड अक्षर.

लोकरीत अंडी घालतात हे मासे.
हिरव्या लोकरीची जुडी, बुचाला बांधून सोडलेली.
रविवारी ती पिळायची, खिडकीकडे धरायची,
आणि बोटांनीच टिपायची अंडी,
राजगिऱ्याच्या दाण्याएवढी.
फुटत नाहीत, कडक असतात.
जे फुटलं त्यात मुळात कुणी नव्हतंच.

मग कालचं शिळं पाणी,
त्यात मिथिलिन ब्लू, दोन थेंब.
तिसरा नाही.

दिवसभर मी हेच करते, कोपरखैरण्याच्या लॅबमध्ये.
काचपट्टीवर कुणाचा तरी बेडका,
लाल रंग, आम्ल, शेवटी हा निळा.
निळ्यात लाल काड्या दिसल्या
की कुणाच्या तरी घरी फोन जातो.
(बाटली तीच नव्हे. घरची वेगळी, पदरच्या पैशाची.
नंतर गैरसमज नको.)

कोपरीचा अश्फाकभाई म्हणतो, ताई,
टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडा, टाका, झोपा निवांत.
त्याला कसं सांगू
कल्चरच्या रिपोर्टात वीस औषधांची नावं असतात
आणि परवा अठरांपुढे मी 'रेझिस्टंट' टाइप केलं.
वय, वर्षे : चार.
मी फक्त बघू म्हणते
आणि लोकरीचे पैसे देते.

तिसऱ्या दिवशी निवडायला बसते.
मेलेलं अंडं निळं पितं.
जिवंत पीत नाही, काचेसारखं राहतं.
इतकं सरळ उत्तर मला दुसरीकडे मिळालेलं नाही,
लॅबमध्ये तर नाहीच.

अण्णा रबाळ्याला रंगाच्या कंपनीत होते.
घरी यायचे ते नखांपर्यंत त्या दिवसाच्या रंगाचे.
निळ्याचा दिवस असला
की आई त्यांना परातीजवळ फिरकू द्यायची नाही.
कंपनीमागचा नालाही तेच वार पाळायचा.
तिथे कडेच्या गवतात
कपाळावर चांदीची टिकली लावलेला मासा,
पाण्याच्या पापुद्र्याला नाक लावून.
अण्णांनीच दाखवला. म्हणाले, बघ, हा जगतोय.
नाव विचारलं, तर म्हणाले,
आपल्याकडच्याला नाव कोण ठेवतंय.
माझे आफ्रिकेतले आहेत, त्याचे लांबचे पाहुणे.

मागच्या वर्षी बुरशीला घाबरून पाच थेंब टाकले.
बुरशी नावाला नाही.
एकोणतीस अंडी, सोनेरी कडांचे अठ्ठावन्न डोळे
आतून माझ्याकडे बघणारे.
सतराव्या दिवशी सगळी फुटली,
आणि त्यांच्या तोंडात मावेल असं
त्या पाण्यात काहीच जिवंत उरलं नव्हतं.
उकडलेल्या अंड्याचं पिवळं घातलं, ते तळाशी बसलं.
तीन दिवस पोहली, अगदी स्वच्छ.
चौथ्या दिवशी डबा ओतला.
मोरीच्या फरशीवर डाग पडला,
तो फिनेलनं जात नाही.

आता डोळे दिसले की रोज अर्धं पाणी बदलते.
निळं विरतं, धुऊन विटलेल्या ओढणीइतकं होतं,
मग नुसता संशय.
मग सोसायटीच्या बदामाचं एक कुजकं पान
आणि कुंडीखालच्या ताटलीतलं चमचाभर हिरवं पाणी.
भिंगाखाली नेऊन बघितलं नाही त्यात काय आहे.
मला माहीत आहे काय आहे.

आज चार फुटली.
पाचवं आत वळवळतंय, शेपूट डोक्यावरून घेऊन.

लॅबमध्ये शकुंतला म्हणाली, नखाला निळं लागलंय.
आपल्याकडचं की घरचं?
मी नख उजेडाकडे धरलं.
सांगता येईना.